मौजे खैरवेळच्या पातळ्या

खैरवेळला जायला एसटी कुठून मिळते, असं मी भाऊंना विचारलं तेव्हा अख्ख्या ऑफिसनं हसू दाबायला माना खाली घातल्या होत्या. मी नवीन. आवक-जावकच्या टेबलावर रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. भाऊ समोरच्या टेबलावर एका नकाशात शिसपेन्सिलीनं विहीर काढत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "खालची विहीर, बारा पायऱ्या, तेरावी फुटकी." मला वाटलं शहापूरच्या नाहीतर मुरबाडच्या अंगाचं एखादं गाव असेल, आपलं फिरणं कमी, आपल्याला ठाऊक नाही. म्हणून माणुसकीनं विचारलं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तिथं अजून एसटी जात नाय. परशा चालत जातो."

परशा कोण, ते शिपायानं मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. 'पाणाडी परशा' नावाचं चित्रकथांचं मासिक होतं. मुंबईतला एक छोटा प्रकाशक काढायचा. परशा हा जमिनीखालचं पाणी शोधणारा पाणाडी. हातात जांभळीची दुबेळकी, दोन फाट्यांची काठी घेऊन गावोगाव हिंडायचा, पाणी दाखवायचा, आणि जाता जाता चोरही धरून द्यायचा. अंकाच्या शेवटच्या पानावर तो आपल्या गावी परत यायचा. ते गाव खैरवेळ. पोरांनी वाचायचं मासिक. भाऊ तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढचे, कानावर केस पिकलेले, घरी दोन मुलींची लग्नं झालेली. म्हटलं, झालं, पहिल्याच आठवड्यात वेडा माणूस समोर बसलाय.

भाऊ आमच्या मोजणीच्या ऑफिसातले मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, नकाशा काढून द्यायचा, हे त्यांचं काम. आणि ऑफिस सुटल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, साहेब दौऱ्यावर असले की भर दुपारी, ते खैरवेळ मोजायचे. चित्रांवरून. मौजे खैरवेळ असंच म्हणायचे, सरकारी कागदावर गावाच्या नावाआधी लिहितात तसं. प्रत्येक घराला नंबर दिलेला, प्रत्येक शेताला गट नंबर दिलेला. परशाची उंची त्यांनी पाच फूट सहा इंच धरली होती आणि त्यानं सगळं गाव मोजलं होतं. देऊळ चार परशे उंच. पाटलाचं घर सव्वातीन परशे. ओढा पावसात दीड परशा खोल, मे महिन्यात घोट्याएवढा. मी एकदा चिडवलं, "भाऊ, परशाच्या डोक्यावर मुंडासं आहे, ते धरून पाच सहा की सोडून?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाले, "सोडून. चांगला प्रश्न विचारलात." त्या दिवसापासून मी त्यांची माणूस झाले.

नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. मी 'आवक-जावक बाई'. शिपाई 'टपाल'. मोजणीला अर्ज केलेला कोणीही माणूस, मग तो आमदाराचा मेव्हणा असो की एक गुंठेवाला, 'खातेदार'. घरी सापगावला वहिनींनासुद्धा म्हणे 'सहखातेदार' म्हणायचे. वहिनींनी मला हे हसत सांगितलं होतं, तेव्हा त्या हसायच्या.

मोजणीला गेले की खातेदाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. स्वतःची भाकर, सुका बोंबील, स्वतःची बाटली. शेतात शिरताना बांधाला हात लावायचे, देवाच्या उंबऱ्याला लावतात तसा. खिशात घडी घातलेला परशाचा अंक कायम. उंबरमाळीच्या अंगाला दोन भावांची एक मोजणी होती, मी कधी नव्हे ती बरोबर गेले होते, नोटिशीवर सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या म्हणून. थोरला म्हणत होता बांध त्या सादड्याच्या झाडापर्यंत, धाकटा म्हणत होता त्याच्या अलीकडं. कोयत्यावर हात गेलेले. भाऊ झाडाखाली बसून शांतपणे परशाचा अंक वाचत होते. धाकटा ओरडला, "ओ सर्वेअर, वाचताय काय, आमचे जीव जातील हितं!" भाऊ म्हणाले, "जाऊ दे. जमीन कुठं जात नाय. तुमचं आटपलं की सांगा, मग मी मोजतो." दोघांचे हात कोयत्यांवरून निघाले. मोजणी झाली तेव्हा बांध निघाला सादड्याच्या पलीकडं तीन हात, दोघंही चूक. कोणी वर तक्रार केली, वरचे साहेब आले, नवीन मशीन लावून पुन्हा मोजलं. वीतभराचाही फरक आला नाही.

ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. भाऊ चुकत नाहीत. शेजाऱ्यानं बांध कोरला असा संशय असला की म्हातारी माणसं ऑफिसात येऊन सांगायची, "आमाला तो कॉमिकवालाच पाठवा." त्यांना स्वतःलाही याचा माज होता, खोटं कशाला बोलू. बेरीज करून झाली की कागदावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "ही आता देवानं बदलली तर बदलली." असल्या माणसाचा राग यायचा आणि आधारही वाटायचा.

परशाच्या चित्रकाराला त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नाही, पण दोघांचं नातं सख्ख्या भावांसारखं होतं. एकदा अंकात पाटलाच्या घराचा दरवाजा उत्तरेला निघाला. आधीच्या सगळ्या अंकांत पूर्वेला. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग प्रकाशकाला कार्ड टाकलं. मीच ते जावकमध्ये चढवल्यासारखं करून पेटीत टाकलं होतं म्हणून मजकूर आठवतो. "पान चौदा. पाटलाच्या घराचा दरवाजा पूर्वेकडून उत्तरेकडे गेला आहे. दुरुस्ती व्हावी अगर कारण कळवावे." उत्तर आलं नाही. पण पुढच्या अंकात, परशा चोराच्या मागे धावतोय त्या चित्रात, कोपऱ्यात, नखाएवढा, एक गवंडी दाखवला होता. पाटलाच्या घराचा पूर्वेचा दरवाजा विटांनी बुजवत होता, शेजारी घमेलं, उत्तरेला नवी चौकट उभी. बाकी जगात कोणाला तो गवंडी दिसला नसेल. भाऊ तो अंक घेऊन ऑफिसभर फिरले. साहेबांना दाखवला. साहेबांना काही कळलं नाही, ते बिचारे म्हणाले, "छान आहे, काय मोजणी आहे का तिथली?"

असला तो चित्रकार. एका माणसाच्या कार्डासाठी गवंडी काढणारा.

पुढं चित्रकार वारला. मग कोणी दुसरा काढू लागला, तो बरा होता, पण प्रकाशक म्हातारा झाला आणि त्याच्या मुलांना हा धंदा नको होता. एक दिवस भाऊंच्या फोनवरच्या ग्रुपात बातमी आली. ग्रुप म्हणजे परशाच्या चाहत्यांचा. कुठले कुठले लोक होते त्यात, नाशिकचा एक दातांचा डॉक्टर, साताऱ्याची एक बँकवाली. बातमी अशी की परशाचं सगळं एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं. नाव नाही सांगत. टीव्हीवर चॅनेलं असलेली, मोबाइलवर मालिका दाखवणारी, सिनेमे काढणारी. आपल्या हातातल्या फोनमध्ये चार वेळा बोट फिरवलं की त्यांचंच काही ना काही लागतं, ती.

ग्रुपात रडारड सुरू झाली. परशाला आता हिंदी बोलायला लावतील. त्याचे दंड फुगवतील. काठीतून वीज काढतील. प्रेमप्रकरण घुसडतील, हिरॉइनला पाण्यात भिजवतील. कागदावरचा अंक बंद, सगळं मोबाइलवर, महिन्याला वर्गणी भरा. कोणी म्हणालं जुने अंक पण आता विकायला बंदी करतील. कोणी म्हणालं जाऊ द्या, निदान परशा जिवंत तर राहील. भाऊ हे सगळं जेवताना मला वाचून दाखवायचे आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला कसली भीती वाटते?"

"परशाचं काय ते होऊ दे. त्याला पाय आहेत, तो कुठं पण जाईल," ते म्हणाले. "गाव कोणाच्या नावावर गेलं?"

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. ते खरंच विचारत होते. माणूस आयुष्यभर गावं कोणाच्या नावावर गेली हेच बघत आला होता. त्यांचं म्हणणं असं, की प्रकाशकानं विकलं ते नाव, चित्रं, गोष्टी. पण खैरवेळ मोजलं कोणी? वहिवाट कोणाची? आणि आपल्याकडं जमिनीचा व्यवहार झाला की फेरफाराची नोटीस निघते, ज्यांचा संबंध आहे त्यांना पंधरा दिवस मिळतात हरकत घ्यायला. "आपल्याला नोटीस नाय आली," भाऊ म्हणाले. "पण आपल्याला कळलंय. म्हणजे मुदत सुरू झाली."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? म्हटलं असतं, भाऊ, ती गोष्टीतली गावं, त्यांचा सातबारा नसतो. मी तसं काही बोलले नाही. मला उलट चेव आला. मुंबईत बसलेल्या त्या काचेच्या ऑफिसातल्या लोकांना दाखवून देऊ म्हटलं, हितं मोजणी करणारी माणसं आहेत. मी स्वतः कोरे कागद काढून दिले.

भाऊंनी हरकत अर्ज लिहिला. चार पानं. अर्जदार हा मौजे खैरवेळ येथील नियमित वाचक व मोजणीदार असून. गावात अमुक घरं, तमुक विहिरी. गावाचं ठिकाण, हद्दी, रस्ते आणि वस्ती यांत बदल करण्यापूर्वी अर्जदारास कळवावं. सोबत गाव नकाशाची प्रत जोडली आहे. ती प्रत त्यांनी चार रविवार बसून काढली होती. मुंग्यांएवढ्या अक्षरात घर नंबर.

पण त्यांच्याकडं आणखी एक शीट होती. पातळ्यांची. कुठलं घर किती उंचावर, कुठली विहीर किती खोलात, ओढ्यापासून देवळापर्यंत चढ किती. देवळाच्या पायऱ्या मोजून, पुराच्या अंकात पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागलं ते बघून, सावल्या मोजून त्यांनी ती वर्षानुवर्षं जमवली होती. तिची दुसरी प्रत नव्हती. सापगावच्या घरात ओल म्हणून दोन्ही शीटा माझ्या कपाटात असायच्या, किल्ली माझ्याकडं. खरी कमाल त्या शीटेत होती. गाव नकाशा बघून कोणी म्हणालं असतं, हौशी माणसानं काढलंय. पातळ्या बघून तोंड बंद झालं असतं.

मी विचारलं, "भाऊ, पातळ्या पण जोडू ना?"

"नाय."

"अहो, पुराव्याशिवाय हरकत टिकत नाही. तुम्हीच सांगता."

"पातळ्या कोणाला द्यायच्या नसतात," ते म्हणाले. कारण दिलं नाही. मी दोनदा विचारलं तर म्हणाले, "आवक-जावक बाई, तुमचं काम पाकीट बंद करायचं." मला राग आला. खरंच सांगते, चिडले मी. एवढं मी यांचं करायचं आणि हे मला माझी खुर्ची दाखवतात.

दुसऱ्या दिवशी भाऊ मुरबाडला मोजणीला गेले. जाताना अर्ज आणि गाव नकाशा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, रजिस्टर करा. मी पोस्टात गेले. पाकीट बंद करायच्या आधी मी कपाटातनं आणलेली पातळ्यांची शीट त्यात सरकवली. मूळ शीट, एकुलती एक. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. ते जिंकावेत असं मला वाटत होतं, आणि जिंकले की सांगू, बघा, माझ्यामुळं. डिंक लावला, पोस्टमास्तरनं शिक्का मारला, मी पावती पर्समध्ये टाकली. येताना नाक्यावर रसवंतीत बसून गारेगार रस पण प्यायले.

महिना-दीड महिन्यानं भाऊंना फोन आला. त्यांनी ऑफिसातच स्पीकर लावला, सगळे जमले. मुलीचा आवाज, गोड. "सर, तुमचा मॅप ना, अमेझिंग आहे! आमची पूर्ण क्रिएटिव्ह टीम वेडी झालीये. एवढं डीप काम आम्ही कधी पाहिलंच नाही."

भाऊ उभे राहून बोलत होते, साहेबांसमोर उभे राहतात तसे. "मॅडम, हरकत मंजूर का नामंजूर?"

पलीकडं मुलगी हसली. "सर, तुम्ही किती क्यूट आहात."

"नाय, ते लेखी कळवा," भाऊ म्हणाले. "आणि बदल करण्यापूर्वी कळवायचं, ते अर्जात लिहिलंय."

"हो हो, डेफिनेटली सर. तुम्हाला आमच्याकडून छान सरप्राइज येईल." फोन ठेवला. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. भाऊंनी सगळ्यांना वडापाव दिला. लेखी नाय आलं, लेखी नाय आलं, असं पुटपुटत होते, पण खुश होते. मी तर त्या दिवशी हवेत होते. मुलीनं 'मॅप' म्हटलं होतं, पातळ्यांचा शब्द काढला नव्हता, तेही बरंच झालं.

सरप्राइज पावसाळ्याच्या तोंडावर आलं. खोक्यात एक टोपी, एक टीशर्ट, आणि नव्या परशाचा पहिला अंक. गुळगुळीत कागद, रंग असे की डोळे दिपावेत. भाऊंनी टोपी-टीशर्ट शिपायाला देऊन टाकला आणि अंक उघडला. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी.

नवा परशा शहरात राहतो. उंच इमारतींवरून उड्या मारतो. पण तो असा का झाला, ते सांगायला पहिली आठ पानं खैरवेळ होतं. खैरवेळवर धरण येतं. गाव बुडतं. आठही पानं नुसतं बुडतं.

त्यांनी ते किती छान काढलं होतं म्हणून सांगू! बारीकसारीक सगळं. पहिल्या पानावर पाणी खालच्या विहिरीत शिरतं, तेराव्या फुटक्या पायरीवरून. मग ओढ्याकाठची चार घरं, नंबर अकरा ते चौदा. मग शाळेची तिसरी पायरी. मग पाटलाचं घर, उत्तरेच्या दरवाज्यातनं. तो बुजवलेला पूर्वेचा दरवाजासुद्धा त्यांनी दाखवला होता, पाण्याच्या दाबानं विटा फुटून आत येताना. देऊळ सगळ्यात शेवटी. एक घर मागंपुढं नाही. भाऊंच्या शीटेतल्या ओळी खालून वर वाचत जावं, तसं गाव बुडत गेलं.

भाऊंनी पट्टी काढली. खरंच पट्टी काढली आणि चित्रावर ठेवून मोजायला लागले. आठही पानं मोजली. मग म्हणाले, "पातळी बरोबर घेतलीय."

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, आमच्या लाडक्या चाहत्यांचे आभार. चाहत्यांचे. नाव नाही, गाव नाही.

मग त्यांच्या काहीतरी डोक्यात आलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "पण पातळ्या त्यांना कशा मिळाल्या? मी गाव नकाशा दिलेला. पातळ्यांची शीट कपाटात आहे."

मी कपाट उघडायचं नाटक केलं. अर्धं उघडलं आणि माझी जीभ माझ्या आधी बोलून गेली. "भाऊ, ती पण तुम्हीच दिली होती माझ्या हातात. नकाशाच्या खाली होती. विसरलात."

"मी दिली?"

"हो. मुरबाडला जायच्या गडबडीत होतात."

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. ते कितीतरी वेळ आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसले.

ग्रुपात सगळे खुश होते, हे सांगायचं राहिलं. जे रडत होते तेच. दातांचा डॉक्टर लिहितो, काय ग्राफिक्स आहेत राव, बुडण्याचा सीन बघून अंगावर काटा आला. साताऱ्याची बाई लिहिते, शेवटी परशाला न्याय मिळाला. भाऊंनी ग्रुप सोडला. त्या कंपनीवर मी आजही थुंकेन. पण कंपनीनं काय केलं? मिळालेला कागद वाचला. तो कागद त्यांच्याकडं चालत गेला नव्हता.

त्यानंतर भाऊ बदलले. एक हद्द तीन-तीनदा मोजायचे. खातेदार वैतागायचे, उन्हात उभे राहून शिव्या घालायचे. घरून निघाले की परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. बेरीज करून झाली की कागद माझ्याकडं सरकवायचे, "बघा बरं एकदा. माझा मला भरवसा नाय." आणि मी बघून द्यायचे. "बरोबर आहे, भाऊ." एकदाही चूक नसायची. रोज मला वाटायचं आज सांगावं. रोज वाटायचं, उद्या. एकदा तोंड उघडलंही, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि मला केवढं हायसं वाटलं ते माझं मलाच माहीत. मुदतीच्या तीन वर्षं आधी त्यांनी निवृत्ती घेतली. अर्जात कारण लिहिलं, कामात चुका होऊ लागल्याने. साहेबांनी ते खोडून तब्येतीचं लिहायला लावलं.

निरोपाच्या दिवशी मी सगळ्यांत जास्त रडले. लोकांनी मलाच पाणी दिलं.

परवा मी सापगावला गेले. चार वर्षं झाली त्या अंकाला. भाऊ आत आंघोळीला होते. वहिनी तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या, मला बघून सरकल्या. मी विचारलं कसे आहेत, तर म्हणाल्या, "कसे असतील? शेजारचा पडवीचं मोजमाप घ्यायला बोलवायला आला, तर त्याला सांगतात, मी चुकतो आता. मी एकदा चुकलो, अख्खं गाव गेलं."

मग त्यांनी ते सांगितलं. मला वाटतं त्यांना वाटत असावं की मला माहीत आहे. भाऊंचं जन्मगाव धरणात गेलेलं. ते सहा-सात वर्षांचे होते. धरणाच्या आधी मोजणीची माणसं आली, घरोघर पातळ्या घेत फिरली, भिंतींवर लाल रेघा मारत गेली. कोणाला काय ठाऊक, कशाच्या रेघा. भाऊंच्या आईनं त्यांच्याबरोबर दिवसभर फिरून पातळीची पट्टी उभी धरली. सरकारचं काम आहे, सरळ धरली पाहिजे म्हणून. पाणी चढलं तेव्हा बरोबर त्या रेघेपर्यंत आलं. म्हातारी मरेपर्यंत म्हणत होती, मीच धरली पट्टी.

"म्हणून हे पातळ्या कोणाला देत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "आणि शेवटी स्वतःच्याच हातानं दिल्या."

भाऊ टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. वाळले होते. मला बघून हसले, "आवक-जावक बाई! बसा." वहिनी चहा टाकायला आत गेल्या. त्या आत गेल्यावर मी सांगून टाकलं. मधे कुठं थांबले नाही, थांबले असते तर राहिलं असतं. शीट तुम्ही दिली नव्हती. तुम्ही नाही म्हणाला होता. मी पोस्टात पाकिटात घातली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

भाऊ ऐकत होते. टॉवेल हातात तसाच.

"म्हणजे मी दिली नव्हती?"

"नाही, भाऊ."

"मी चुकलो नव्हतो?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. सगळं तोंड उजळलं, दहा वर्षांनी लहान दिसले. आत तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? मी चुकलो नव्हतो! मी नव्हती दिली!" वहिनी कप घेऊन दारात आल्या, त्यांना काही कळेना. भाऊ हसत होते. मीपण हसायला लागले, मूर्खासारखी. मला वाटलं, सुटले, झालं.

मग ते हळूहळू हसायचे थांबले. हिशेब करत असावेत.

"तुमी रोज समोर बसत होतात," ते म्हणाले.

"हो."

"मी बेरजा तपासायला देत होतो. तुमी तपासून देत होतात. बरोबर आहे भाऊ, बोलत होतात."

मी मान हलवली.

"माझी आई पट्टी धरली म्हणून रडत मेली. मी पण तसाच मेलो असतो. तुमी समोर बसून बघत होतात."

वहिनी दारात उभ्याच होत्या. भाऊंनी त्यांच्या हातातला कप घेतला आणि माझ्यापुढं न ठेवता लांब खिडकीत ठेवला.

"यांना उशीर होतोय," ते वहिनींना म्हणाले. "यांची गाडी आहे."

मला कसली गाडी नव्हती. सापगावहून शहापूरला रिक्षा पाच-पाच मिनिटांनी मिळतात. मी पर्स घेतली आणि उठले.